कोकणातल्या घरात निसर्ग आणायचा क्रम: आधी ओल, मग वारा, उजेड, साहित्य आणि शेवटी रोपं

घरात हिरवाई हवी असं ठरलं की बहुतेकांची पहिली चक्कर नर्सरीत होते. दहा-पंधरा कुंड्या येतात, हॉलच्या एका भिंतीवर लाकडी पट्ट्या चढतात, छताला बांबू लागतो, कोपऱ्यात छोटं कारंजं बसतं. डिसेंबरात फोटो झकास येतात. पुढच्या श्रावणात त्याच घरात कपाट उघडलं की कुबट वास येतो, पट्ट्यांच्या मागे बुरशी धरते, बांबूखाली रोज पिवळट पूड सांडते आणि मनीप्लँटची पानं देठापाशी काळी पडतात. मग ‘कोकणात हे असलं काही टिकत नाही’ म्हणून सगळं उतरवलं जातं.

टिकतं. पण आपण ज्या खोल्यांचे फोटो बघून हे करायला जातो, त्या बहुतेक कोरड्या हवेतल्या किंवा दिवसभर एसी चालणाऱ्या असतात. तिथे निसर्ग मुद्दाम आत आणावा लागतो. आपल्याकडे तो न बोलावता येतो: कौलांतून, जोत्यातून, पश्चिमेच्या भिंतीतून, खारट वाऱ्यातून. म्हणून इथे पहिलं काम निवडीचं. काय आत येऊ द्यायचं आणि काय वळचणीलाच थांबवायचं, हे आधी ठरवायचं. खालचा क्रम त्यासाठी आहे. गावच्या कौलारू घराला तो लागू आहे आणि रत्नागिरी-चिपळूणच्या फ्लॅटलाही. फ्लॅटवाल्यांनी कौलं आणि जोत्याचा भाग सोडून द्यावा.

## टप्पा १: एक पावसाळा घर नुसतं बघा

निदान जुलै-ऑगस्टचे काही दिवस तरी काहीही विकत न घेता घराची पाहणी करा. लागणारं सामान किरकोळ आहे: आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर (काही शे रुपयांत मिळतं), वही, उदबत्ती, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा, चिकटपट्टी आणि दिशेसाठी मोबाइल.

वहीत मीटरवरचे आर्द्रतेचे आकडे लिहीत जा. शिवाय घराचा कच्चा नकाशा काढा आणि त्यावर चार गोष्टी टिपा. पावसाची झड कुठल्या भिंतीवर बसते, ती पहिली. आपल्याकडे ती बहुधा पश्चिम आणि नैर्ऋत्येची असते, पण शेजारची इमारत किंवा डोंगराची सोंड वारा वळवते, तेव्हा डोळ्यांनी बघूनच लिहा. दुसरी, पागोळ्या कुठे पडतात आणि तिथलं पाणी पुढे कुठे जातं. तिसरी, सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता कुठल्या खोलीत दिवा न लावता पेपर वाचता येतो. चौथी गोष्ट साधी, पण कोणीच लिहीत नाही: घरातली माणसं आपणहून कुठे जाऊन बसतात. आजी पडवीतल्या ज्या बाकावर भाजी निवडते, ती जागा कुठल्याही डिझायनरपेक्षा अचूक निवडलेली असते.

तपासणी: ज्या भिंतीबद्दल शंका आहे तिच्यावर फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारही बाजूंनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसंच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या, खोलीकडच्या अंगाला जमले तर भिंत बरी आहे, खोलीतली हवा दमट आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात गवंडी लागतो, दुसऱ्यात वारा.

## टप्पा २: ओल थोपवा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, फोटोत दिसत नाही आणि पैसे खातो. म्हणूनच तो गाळला जातो. बाकी सगळं मात्र याच्यावर उभं आहे.

वरून खाली या. आधी कौलं. पावसाळा संपला की फुटकी, सरकलेली कौलं बदला, वळचणीतलं गवत आणि पाला काढा, पन्हळ साफ करा. छप्पर भिंतीबाहेर पुरेसं आलेलं नसेल तर झडीच्या बाजूला ते दोन-अडीच फूट वाढवणं हा सगळ्यात फायद्याचा खर्च. सिमेंटच्या घराला खिडक्यांवर रुंद छज्जे किंवा पत्र्याची झडप बसवून तेच साधतं.

मग जोतं. पागोळी मातीवर पडते, माती उडते आणि भिंतीच्या पायथ्याशी फूटभर तांबडा पट्टा दिसतो. तो पट्टा नुसता घाणेरडा नसतो. रोज ओला होऊन तो भिंतीत पाणी चढवत असतो. पागोळीच्या रेषेखाली हातभर रुंद खडीचा पट्टा टाका आणि त्याच्या बाहेरून पाणी वाहून नेणारा उताराचा पाट काढा. अंगणाचा उतार घराकडे असेल तर बाकी काहीही करण्याआधी तो उलटा करा.

शेवटी भिंत. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. त्याला सोडू दिलं पाहिजे. आतून वॉटरप्रूफ किंवा प्लॅस्टिक पेंट मारला की पाणी आतच कोंडतं, रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि पांढरा लोणा बाहेर पडतो. बाहेरून थोपवायचं, आतून मोकळं ठेवायचं. आतल्या अंगाला चुन्याचा गिलावा किंवा निदान चुन्याची सफेदी सगळ्यात उत्तम. चुन्यावर बुरशीही सहजी धरत नाही.

सध्या गिलावा खरवडून चिरा, म्हणजे भिंतीतला जांभ्याचा दगड, उघडा ठेवायची हौस आहे. दिसतो तो सुरेखच. पण प्रत्येक चिरा त्या लायकीचा नसतो. आधी नखाने आणि मग तारेच्या ब्रशने घासून बघा. सतत लाल भुकटी गळत असेल तर तो मऊ चिरा आहे, त्याला गिलाव्याखालीच राहू द्या. टणक असेल तर सांधे चुन्यात भरून घ्या, ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या आणि वाफ बाहेर सोडणारं, न चमकणारं सिलेनचं पाणीरोधक त्यावर मारा. चकचकीत लॅकर मारलेला चिरा दोन पावसाळ्यांत ठिपक्याठिपक्यांनी सोलवटतो. आणि उघड्या चिऱ्याची भिंत एका खोलीत एकच असावी. चारही केल्यात तर खोली अंधारते आणि बसल्यावर उदास वाटतं.

सावधान: ऑक्टोबरात ऊन कडक दिसतं म्हणून लगेच रंग काढू नका. भिंत वरून सुकते, पोटात ओली असते. रंग आणि सफेदीचं काम डिसेंबर-जानेवारीनंतर.

तपासणी: दिवाळीनंतर प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा करा. भिंतीच्या अंगाला थेंब दिसत असतील तर त्या भिंतीला पॅनेल, वॉलपेपर, लाकडी पट्ट्या, शेवाळाची फ्रेम यातलं काहीही लावायचं नाही. कपाटही भिंतीपासून चार बोटं पुढे.

## टप्पा ३: वारा फिरता ठेवा

बुरशीला ओल लागते आणि थांबलेली हवा लागते. ओल आपल्या हातात अर्धीच आहे, कारण पावसाळ्यात बाहेरच्या हवेतच आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते. हवा हलती ठेवणं मात्र पूर्णपणे हातात आहे.

उदबत्ती लावा आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत, कपाटाच्या मागे, पलंगाखाली धरून बघा. धूर सरळ वर गेला तर तिथली हवा मेलेली आहे. त्या जागी पुढे काहीही नैसर्गिक ठेवू नका: वेताची टोपली नको, सुती गादी नको, पुस्तकं तर नकोच.

वारा आत येतो तेव्हा त्याला बाहेर जायलाही वाट लागते. एकाच भिंतीला दोन खिडक्या असून उपयोग नाही. समोरासमोर किंवा निदान काटकोनात हव्यात. जुन्या घरांत ओटीचं दार ते मागचं दार अशी सरळ रेघ असते ती याचसाठी. नूतनीकरणात हीच रेघ मोडली जाते: मध्ये टीव्हीची भिंत येते किंवा माजघरात बाथरूम घुसतं. रेघ मोडावी लागलीच तर आतल्या दारांवर झरोके ठेवा. गरम हवा वर चढते, तेव्हा एक तरी झरोका छताजवळ हवा. फ्लॅटमध्ये हेच काम बाथरूम आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा करतो, पण तो आंघोळीनंतरही अर्धा तास चालू ठेवला तर.

पावसाळ्यात कपडे खोलीत वाळत घालणं टाळता येत नाही. पण एका धुण्यातून लिटर-दीड लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत जातं, हे लक्षात असू द्या. त्यासाठी एक पडवी किंवा बाल्कनी ठरवा. ती नसेल तर एकच खोली, दार बंद, पंखा चालू, खिडकी उघडी. झोपायची खोली नव्हे.

सावधान: वाळ्याचे पडदे, डेझर्ट कूलर, घरातलं कारंजं, बाथरूमजवळची ‘हिरवी भिंत’ ही सगळी पाण्याची वाफ करून गारवा देणारी साधनं आहेत. विदर्भात मे महिन्यात ती अमृत असतात. आपल्याकडे हवाच आधी ओली असल्यामुळे वाफ होत नाही, म्हणून गारवा मिळत नाही. घाम तेवढा वाढतो. पाण्याचा आवाज हवा असेल तर तो बाहेर अंगणात ठेवा. तसेही चार महिने पागोळ्या फुकट वाजतात.

किनाऱ्यापासून एखाद्या किलोमीटरच्या आत घर असेल तर आणखी एक गोष्ट. वारा आत घेणार म्हणजे मीठही घेणार. साध्या लोखंडी बिजागऱ्या आणि खिळे वर्षभरात तांबेरतात, आणि सागाच्या फळीवर गंजाचे काळे ओघळ उतरतात ते निघत नाहीत. पितळी बिजागऱ्या घ्या. स्टीलच घ्यायचं तर ३१६ दर्जाचं मागा. दुकानात सहसा ३०४ देतात, त्यावर समुद्राजवळ तपकिरी डाग धरतात. डासांच्या जाळीवर मीठ आणि धूळ मिळून खपली बसते आणि वारा निम्मा अडतो. जाळी काढता येईल अशीच बसवा आणि महिन्याला गोड्या पाण्याने धुवा.

## टप्पा ४: उजेड आणि नजर

माणसाच्या स्वास्थ्याशी निसर्गाचा संबंध दाखवणारा सगळ्यात जास्त उल्लेखला जाणारा अभ्यास रॉजर उलरिच यांचा आहे. तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. लक्षात घ्या, झाडं खिडकीबाहेर होती. खोलीत एकही कुंडी आणलेली नव्हती. आपल्या बहुतेक घरांबाहेर माड-पोफळी, फणस, आंबा आहेतच. अडचण एवढीच की बसल्यावर ते दिसत नाहीत.

म्हणून आधी बसायच्या जागेवर बसा आणि डोळ्यांची उंची मोजा. जमिनीवर मांडी घालून बसलात तर ती साधारण अडीच फूट भरते, खुर्चीवर पावणेचार ते चार फूट. खिडकीची तळकड तीन-साडेतीन फुटांवर असेल तर खाली बसणाऱ्याला फक्त आकाश आणि ग्रिल दिसतं. घरातली एक तरी खिडकी तळकड दीड-दोन फुटांवर आणून बसकी करा आणि तिच्याशी बाक किंवा झोपाळा टाका. लहान मुलं असतील तर गज ठेवा, पण आडवे नकोत, उभे. आडव्या गजांवर पोरं चढतात. भिंत फोडायचं काम गवंड्याला विचारूनच. चिऱ्याच्या भारवाही भिंतीत वरचं लिंटेल (खिडकीवरची भार पेलणारी आडवी तुळई) न बघता खिडकी मोठी केली तर वरचा भाग खचतो.

उजेडासाठी काचेची कौलं हा जुना आणि स्वस्त उपाय. पण खोलीत एक किंवा दोनच, आणि उत्तरेच्या पाख्यावर. तिथेही उन्हाळ्यात ऊन येतंच: रत्नागिरीच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे कौलाखाली पांढऱ्या मांजरपाटाचा पडदा सरकता ठेवा.

पश्चिमेची खिडकी सूर्यास्त दाखवते म्हणून मोठी करायचा मोह होतो, विशेषतः होम-स्टेवाल्यांना. मार्च ते मे दुपारी तीननंतर ती खोली भट्टी होते आणि जून ते सप्टेंबर तीच खिडकी झड खाते. मोठी करायचीच तर बाहेर खोल पडवी हवी.

रात्रीचं एक सांगतो, विषय थोडा बाजूचा आहे. अंगणातल्या झाडांवर खालून झगझगीत फोकस मारू नका. मेअखेर, पहिल्या पावसाच्या आगेमागे, काजवे येतात आणि त्यांना अंधार लागतो. पायापुरता, पिवळसर, खाली तोंड केलेला दिवा पुरे.

## टप्पा ५: साहित्य

इथे येईपर्यंत फेब्रुवारी उजाडला असेल तर वेळापत्रक बरोबर चाललं आहे.

बांबू. फर्निचरला आणि छताला सिंधुदुर्गातला माणगा उत्तम, कारण तो जवळजवळ भरीव असतो. पण कुठलाही बांबू पावसाळ्यात तोडलेला नसावा आणि कोवळा नसावा. तीन वर्षांवरचा, हिवाळ्यात तोडलेला घ्या. बांबूत साखर आणि पिठूळ अंश असतो, भुंगा त्याच्यासाठीच येतो. पूर्वी बांबू काही आठवडे व्हाळाच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत, म्हणजे तो अंश धुऊन जाई. आता खात्रीचा उपाय बोरॅक्स-बोरिकचा: १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अ‍ॅसिड, त्यात किमान आठवडाभर बांबू पूर्ण बुडवायचा. अख्खा बांबू असेल तर आतल्या गाठी लांब सळईने फोडून घ्याव्या लागतात, नाहीतर द्रावण पोकळीत शिरत नाही. नंतर सावलीत, उभा, हळूहळू सुकवायचा. उन्हात टाकला की चिरतो. तयार, प्रक्रिया केलेला माल हवा असेल तर कुडाळच्या ‘कोनबॅक’ या बांबू केंद्राकडे चौकशी करता येते.

पूड पडते आहे का हे ओळखायला बांबूखाली काळा कागद अंथरा. सकाळी त्यावर पिठासारख्या बारीक, पिवळट ढिगल्या दिसल्या आणि वर बघितल्यावर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं आढळली, तर भुंगा आत आहे. वरून वॉर्निश मारून तो मरत नाही. तो बांबू उतरवायचाच.

सावधान: बोरॅक्स पाण्यात विरघळतं, म्हणजे पावसातही धुऊन जातं. असा बांबू छपराखालीच वापरा, उघड्या अंगणात नको. द्रावण करताना हातमोजे घाला आणि उरलेलं पाणी विहिरीच्या किंवा झाडांच्या आसपास ओतू नका.

लाकूड. साग किंवा फणस घ्या. फणसाचा पिवळा रंग पुढे मधासारखा गडद होत जातो आणि घराला ऊब देतो. आंब्याच्या फळ्या स्वस्त पडतात पण कीड लवकर लागते. जुन्या माडाचं लाकूडही छान दिसतं, फक्त बाहेरचा काळपट, टणक भागच घ्या. गाभा भुसभुशीत असतो. घर उतरवलेल्यांकडे जुने वासे, तुळया मिळाल्या तर सोनं. त्यांचं फुगणं-आकसणं केव्हाच होऊन गेलेलं असतं.

जुलैत दार फुगतं, चौकटीत अडकतं, आणि घरातले सुताराला बोलावून कडेला रंधा मारून घेतात. नोव्हेंबरात तेच दार आकसतं आणि बोटभर फट पडते. मग फटीतून पाल, डास, गार वारा. फुगलेल्या दाराला पावसाळ्यात हात लावायचा नाही. फार अडत असेल तर कडेला मेण घासा आणि कळ काढा. रंधा मारायचाच तर जानेवारीत.

पॉलिशमध्ये कच्चं जवसाचं तेल टाळा. दमट हवेत त्यावरच बुरशी पोसते. वाशांना आणि मागच्या अंगाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची कोकणातली पद्धत वाळवीविरुद्ध चांगली आहे, पण ते कातडी भाजतं आणि रंग काळा करतं. म्हणून दर्शनी फर्निचरला नको आणि मोज्यांशिवाय हात घालू नका. जवसाच्या तेलाचे बोळे वापरल्यावर गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा पसरून वाळवा.

काथ्या आणि ताग. पायपुसणी, चटई, दोरकामासाठी काथ्याच. तो ओलीला आणि मिठालाही दाद देत नाही. ताग आपल्या पावसाळ्यात कुजतो, ऑनलाइन मागवलेले तागाचे गालिचे इथे एका आगोटीचेच पाहुणे. लोकरी गालिचा तर विसराच. पायाखाली गारवा हवा तर तांबडा कोबा किंवा शहाबादी फरशी उघडी ठेवा.

समुद्रावरून आणलेल्या वस्तू. वाहून आलेलं लाकूड आणायला हरकत नाही. आठवडाभर गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवा, नाहीतर मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि वस्तू कायम चिकट लागते. प्रवाळ मात्र आणू नका, विकतही घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहे. कांदळाची लाकडं तोडू नका. पुळणीवरची वाळू कुंडीतही नको आणि गिलाव्यातही नको. तिच्यातलं मीठ दोन्हीकडे नडतं.

तपासणी: सगळं बसवल्यावर मेच्या शेवटी, म्हणजे आगोटीची बेगमी भरायच्या सुमाराला, प्रत्येक लाकडी आणि बांबूच्या वस्तूच्या मागे हात घाला. हात जात नसेल तर तिथे हवाही जात नाही. दोन बोटं पुढे ओढा.

## टप्पा ६: रोपं

आता नर्सरी. पण जूनमध्ये नाही. पावसाळ्यात घरात उजेड सगळ्यात कमी आणि ओल सगळ्यात जास्त असते, नवं रोप त्यात रुजत नाही. अंगणातली लागवड मृगावर करा, घरातली कुंडी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात आणा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘झाडं खोलीतली हवा शुद्ध करतात’ याला आधार म्हणून नासाचा १९८९ चा अभ्यास सांगितला जातो. तो बंद पेटीत केलेला होता. २०१९ च्या एका आढाव्यात हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं की खिडकी उघडण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. हवेसाठी खिडकी उघडा. रोपं डोळ्यांसाठी आणि हातांसाठी आहेत, तेवढं कारण पुरेसं आहे.

कुठे ठेवायचं ते सावलीवरून ठरवा. दुपारी त्या जागी हात धरा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर बरीच रोपं जगतील. कड पुसट असेल तर स्नेक प्लँट, झेडझेड, मनीप्लँट. सावलीच पडत नसेल तर तिथे रोप नको, एखादी चिऱ्याची किंवा लाकडाची वस्तू ठेवा. खोल वळचणीच्या पडवीत बाहेर लख्ख असतं, पण दोन पावलं आत उजेड झपाट्याने उतरतो, डोळ्यांना ते कळत नाही.

पडवीसाठी माझी पसंती नर्सरीतल्या पाहुण्यांपेक्षा इथल्याच वेलींना: खांबावर मिरवेल, कोपऱ्यात पानवेल, भिंतीलगत नेचे. त्यांना सावली आणि दमटपणा दोन्ही आवडतात. खिडकीबाहेर, वाऱ्याच्या वाटेवर, सोनचाफा किंवा बकुळ लावलीत तर वास आपोआप घरभर फिरतो. अंतर भिंतीपासून दहा-बारा फूट तरी ठेवा. माड त्याहून लांब, नारळ कौलांवर पडणार नाही एवढा. सीतेची वेणी झाडावर फुललेली दिसली तर तिथेच बघा. रानातून उपटून आणलेलं आमर (ऑर्किड) कुंडीत क्वचितच तगतं.

माती: नुसती तांबडी माती कुंडीत दगडासारखी बसते. तिच्यात निम्म्याला निम्मं कुजलेलं शेणखत आणि नदीची जाड वाळू मिळून घाला, मूठभर कोळशाचे तुकडे टाका. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, आपल्या पावसाळ्यात तो गुण नव्हे, म्हणून थोडंच. कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिला की निचरा होतो ही समजूत चुकीची आहे. उलट पाणी त्या थराच्या वर, मुळांशी अडून राहतं. भोकावर एक खापरी पुरे. सोडणाचे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या सालाचे, तुकडे नेचे आणि आमरांच्या कुंड्यांत चांगले.

पाणी: बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच. ऑगस्टमध्ये घरातल्या स्नेक प्लँटला महिनाभर पाणी दिलं नाही तरी तो तक्रार करत नाही. ‘रोज सकाळी सगळ्यांना एकेक तांब्या’ हा नियम कोकणातल्या घरातली सर्वाधिक रोपं मारतो.

किती ठेवायची? दहा बाय बाराच्या खोलीत पावसाळ्यात तीन कुंड्या पुष्कळ झाल्या, झोपायच्या खोलीत एक. मीटरवरचा आकडा दिवसेंदिवस ऐंशीच्या वर असेल तर तिसरीही पडवीत न्या.

सावधान:
- कुंडीखालची बशी आणि बाटलीतला मनीप्लँट यांचं पाणी आठवड्याला बदला आणि बशी घासा. डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची मजल आठ-दहा दिवसांत होते.
- डिफेनबेकिया आणि मनीप्लँटचं पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. रांगतं मूल असेल तर ही दोन्ही उंचावर किंवा घराबाहेर.
- दार-खिडक्यांलगत दाट झुडपं आणि चिऱ्यांचे सजावटी ढीग नकोत. चिऱ्यांच्या सांदीत फुरसं राहतं. जोत्याभोवती दोन-तीन फूट पट्टा मोकळा आणि दिसता ठेवा, टप्पा २ मधली खडी तिथेही कामी येते.
- टांगत्या कुंड्या वादळाच्या इशाऱ्याआधी उतरवा. ३ जून २०२० च्या चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हे कोणाला वेगळं सांगावं लागू नये.

## टप्पा ७: पहिलं वर्ष सांभाळणं

मे अखेर: जाळ्या धुवा, पन्हळ साफ करा, कपाटं भिंतीपासून पुढे ओढा, काथ्याच्या चटया उन्हात कडक करून घ्या, तागाचं काही उरलं असेल तर ते प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर.

जून ते सप्टेंबर: ऊन पडेल त्या दिवशी सगळी कपाटं दोन तास उघडी. पुस्तकांच्या खोलीत एसी असेल तर खिडक्या लावून ड्राय मोडवर तासभर. महिन्यातून एकदा पानांवरची खारट धूळ ओल्या फडक्याने पुसा. बुरशीचा ठिपका दिसला की कोरड्या फडक्याने झटकू नका, कण घरभर उडतात. ओल्या फडक्याने टिपा, फडकं टाकून द्या आणि उदबत्तीची चाचणी त्या जागी पुन्हा करा.

ऑक्टोबर: वही काढा. मागच्या आणि या ऑगस्टचे आर्द्रतेचे आकडे शेजारी शेजारी लिहा. बाहेरचा पाऊस सारखाच असून आतला आकडा उतरला नसेल तर नवं काही आणायच्या आधी टप्पा २ आणि ३ मधलं राहिलेलं काम शोधा. बहुतेक वेळा ते एखाद्या तुंबलेल्या पन्हळीत किंवा कपाटाने झाकलेल्या झरोक्यात सापडतं.